बार्बाडोसमधली मौनी अमावस्या

परत आल्यापासून स्टाफरूममध्ये मला सगळ्या एकच विचारतात, "मॅडम, तिकडे बीच कोणता चांगला?" जणू काही विचारणाऱ्या बाई पुढच्या सोमवारी उज्जैनच्या देवास गेटवर बस पकडून थेट बार्बाडोसला निघणार आहेत. मी फोनमधले फोटो दाखवते, निळ्या पाण्याचं कौतुक होऊ देते आणि विषय बदलते. खरं उत्तर द्यायला लागले तर मधली सुट्टी पुरायची नाही. शिवाय त्या उत्तरात माझी फजिती आहे. फजिती हा शब्द मी मुद्दाम वापरतेय, कारण दुसरा शब्द लिहायला अजून हात धजत नाही.

मी बावीस वर्षं भूगोल शिकवते. सागरी प्रवाह, भरती-ओहोटी, किनाऱ्यांचे प्रकार, सगळं फळ्यावर बाण काढून शिकवते. प्रत्यक्ष समुद्र मात्र मी लग्नानंतर एकदाच पाहिला होता, तोही घोटा भिजेपर्यंत. मला पोहता येत नाही. पाण्याची भीती वाटते असं म्हटलं तर ते पुरेसं नाही. मला सगळ्याचीच भीती वाटते, पाणी त्या यादीत जरा वर आहे.

आमची मुलगी ऋचा टोरंटोला नोकरी करते. तिने ठरवलं की मम्मी आणि आजीला कॅनडाच्या बर्फात गोठवण्यापेक्षा आठवडाभर एखाद्या ऊबदार बेटावर न्यावं. तिकिटं तिनेच काढली, तीन बायकांची. तिच्या बाबांना यायचं होतं, पण ते बांधकाम खात्यात आहेत आणि सिंहस्थाच्या रस्त्यांची कामं चालू असताना उज्जैनमध्ये त्या खात्यातल्या माणसाला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. निघायच्या दिवशी इंदूरच्या विमानतळावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सुषमा, आईला जशी नेते आहेस तशीच वापस आण. बस, बाकी मला काही नको." ते साधंच बोलले होते. पण मी ते वाक्य सगळा प्रवासभर पर्समध्ये पासपोर्टशेजारी ठेवल्यासारखं सांभाळलं.

आता आईंबद्दल. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय एकाहत्तर, माहेर महेश्वरचं. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या आणि ठरवलं की ठरवलं. दर अमावस्येला आणि पौर्णिमेला क्षिप्रेच्या राम घाटावर त्यांची डुबकी असते. थंडी असो, ताप असो, पाहुणे असोत. आणि आमच्या त्या आठवड्यात नेमकी पौषातली अमावस्या येत होती, मौनी अमावस्या. त्या दिवशी आई उठल्यापासून स्नान होईपर्यंत एक शब्द बोलत नाहीत. ऋचाने तारखा बदलता येतात का पाहिलं, जमलं नाही. मला वाटलं, आता आई जायचं रद्द करतील. मनातून थोडा आनंदही झाला. आई म्हणाल्या, "सगळ्या नद्या शेवटी समुद्रातच जातात ना? मग क्षिप्रा पण गेली असेल. तिथे घेईन डुबकी."

क्षिप्रा चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना गंगेत आणि गंगा बंगालच्या उपसागरात जाते, अटलांटिकमध्ये नाही, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी बॅग भरायला घेतली.

अजून एक गोष्ट आधीच सांगायला हवी, आमच्या घरच्या गाठीची. पर्वाला घाटावर भीड इतकी असते की बाई डुबकी मारून वर येईपर्यंत तिची माणसं कुठच्या कुठे गेलेली असतात. म्हणून आमच्याकडे डुबकी घेणारीच्या आणि काठावर धरणारीच्या मनगटांना एकच ओढणी बांधतात. धरणारीच्या मनगटाला निरगाठ, डुबकी घेणारीच्या मनगटाला सुरगाठ. ओली निरगाठ दातांनीसुद्धा सुटत नाही. सुरगाठीचं सुटं टोक ओढलं की ती एका झटक्यात सुटते, म्हणजे पाण्यात काही अडकलं तर तिला हात मोकळा करता येतो. नाहीतर ती कितीही ताण दिला तरी हलत नाही. हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच सिंहस्थात आईंनी शिकवलं. तेव्हापासून धरणारी मी आणि डुबकी घेणाऱ्या आई. ओढणीही तीच, जांभळी, जाड सुती. ती मी बार्बाडोसला नेली होती, सामानात सगळ्यात वर.

मिस मर्लचं घर

विमानं, रांगा आणि टोरंटोमध्ये हरवून सापडलेली बॅग यांचं वर्णन मी करणार नाही. आम्ही उतरलो ते मिस मर्ल नावाच्या बाईंच्या घरी. साठीच्या, उंच, आवाजात मोठा दरारा, आणि प्रत्येकाला "माय लव्ह" म्हणायची सवय. रस्त्यावर गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात हे पाहून मला जरा बरं वाटलं. रंगीत लाकडी घरं, अंगणात कोंबड्या, कोपऱ्याकोपऱ्यावर दुपारी बसून डोमिनोच्या सोंगट्या आपटणारे पुरुष. त्या आपटण्याच्या आवाजाने मी पहिल्या दिवशी दोनदा दचकले. आमच्याकडे पत्तेसुद्धा इतक्या रागाने कोणी टाकत नाही.

जेवायला मिस मर्लनी ब्रेडफ्रूट तळून दिलं. फणसाच्या जवळचं झाड, पण चव बटाट्याची. आईंनी एक फोड खाल्ली, विचार केला, पिशवीतून रतलामी शेव काढली आणि वर भुरभुरली. मिस मर्लनी ती शेव चाखली आणि लगेच आपला पिवळा मिरचीचा सॉस आणून ठेवला. दोघींना एकमेकींच्या भाषेतला शब्द येत नव्हता, पण पुढचा अर्धा तास त्या एकमेकींना तिखट खायला घालत होत्या. मी मात्र वहीत प्रश्न लिहीत बसले होते.

प्रश्न बीचचे होते. अमावस्येला तीन दिवस होते आणि तोपर्यंत मला जागा नक्की करायची होती. तळ कसा आहे? खोली हळूहळू वाढते की एकदम? जीवरक्षक आहे का? काटे, दगड, मासे? मिस मर्लनी वही वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पश्चिमेला जा, माय लव्ह. तिथे समुद्र झोपलेला असतो. पूर्वेला जाऊच नका, तिथे तो जागा असतो. दक्षिणेला कधी असा, कधी तसा." मी तिन्ही वाक्यं लिहून घेतली. नंतर जे झालं ते पाहता ती वही वाचायलाही हवी होती.

पश्चिमेचा किनारा

दुसऱ्या दिवशी आम्ही पश्चिमेला गेलो. पाणी खरंच झोपलेलं होतं. इतकं स्वच्छ की कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पायाची बोटं मोजता यावीत. ऋचा आनंदाने ओरडतच आत गेली. मी वाळूवर उभी राहून दोष शोधायला लागले, आणि शोधणाऱ्याला ते मिळतात.

पहिला दोष झाडांचा. किनाऱ्यावर मोठी सावलीची झाडं होती आणि काही खोडांवर लाल रंगाचा पट्टा ओढलेला. आई सरळ अशा एका झाडापाशी गेल्या, चप्पल काढली आणि नमस्कार केला. "कोणी पूजा केली आहे बघ." तेवढ्यात मागून एक बाई ओरडत आल्या. ते झाड विषारी होतं! फळं लहान सफरचंदासारखी, खाल्ली तर घसा भाजतो. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तरी अंगावर फोड येतात. लाल पट्टा म्हणजे लांब राहा. मी आईंचे हात बाटलीतल्या पाण्याने तीनदा धुतले. आई म्हणाल्या, "अगं, हात नाही लावला मी. लांबूनच केला नमस्कार."

दुसरा दोष, पाण्यावर मोटारसायकलीसारख्या चालणाऱ्या गाड्या. तिसरा, जीवरक्षकाची खुर्ची रिकामी. चौथा दोष मी स्वतः मोजून काढला. तिथे काठापासून आठ पावलांवर तळ एकदम खाली जात होता. म्हणजे ऋचा जात होती आणि मी काठावरून ओरडून विचारत होते, "आता कुठपर्यंत? आता?"

"मम्मी, छातीपर्यंत! पाणी एकदम शांत आहे, तू ये तर!"

"छातीपर्यंत तुझ्या की आजीच्या?"

ऋचाने पाण्यात बुडी मारली. राम घाटाला पायऱ्या आहेत, साखळी आहे. कितव्या पायरीवर पाणी कुठे लागतं हे आईंना झोपेतही सांगता येईल. इथे आठ पावलं आणि मग काय, कोणास ठाऊक. मी वहीत पश्चिमेवर फुली मारली. आई वाळूत बसून शेव खात होत्या. "मला तर चांगला वाटला," एवढंच त्या म्हणाल्या.

दक्षिणेचा किनारा

तिसऱ्या दिवशी दक्षिणेला. इथे लाटा होत्या, पण बाकी सगळं माझ्या वहीप्रमाणे. जीवरक्षकाचा लाकडी मनोरा, त्यात खरोखरचा जीवरक्षक, चाळिशीचा, रुंद खांद्यांचा. विषारी झाडं नाहीत. तळ वाळूचा, उतार मंद. कोपऱ्यावर टपरी, तिथे बटाटा-हरभऱ्याची भाजी भरलेली रोटी मिळते. मी त्या टपरीच्या सावलीत तासभर उभी राहून समुद्र वाचला. हो, वाचला असंच तेव्हा वाटत होतं.

लाटा डावीकडे फुटत होत्या, उजवीकडेही फुटत होत्या. पांढरा फेस, धडाधड आवाज. पण मधोमध वीस-पंचवीस पावलांची एक पट्टी होती, तिथे काहीच फुटत नव्हतं. पाणी सपाट, जरा गडद, जरा गढूळ, अगदी घाटाजवळच्या आपल्या क्षिप्रेसारखं. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नदीकाठच्या माणसाला एवढं कळतं की पाणी जिथे खळाळतं तिथे जायचं नाही आणि जिथे शांत असतं तिथे उतरायचं. उगाच नाही आपले घाट संथ पाण्यावर बांधले. मी ऋचाला बोट करून ती जागा दाखवली. "उद्या आजी इथे."

"मम्मी, लाइफगार्डला विचार ना एकदा."

"विचारायचं काय? दिसतंय की डोळ्यांना."

खरं सांगायचं तर मला विचारायचं होतं. पण सकाळपासून मी मिस मर्लला चार, टॅक्सीवाल्याला तीन आणि रोटीवाल्या बाईंना दोन प्रश्न विचारले होते, आणि प्रत्येक वेळी ऋचा दुसरीकडे बघत होती. आपली आई जगभर घाबरत हिंडते याची मुलीला लाज वाटायला लागली आहे, असं मला वाटलं. म्हणून आयुष्यात एकदा मी न विचारता ठरवलं.

अमावस्या

सकाळी आई उठल्या, काही बोलल्या नाहीत. मौन सुरू झालं होतं. मिस मर्लनी "गुड मॉर्निंग, माय लव्ह" म्हटलं तर आईंनी हात जोडले. ऋचाने मिस मर्लना समजावलं की आज आजी अंघोळ होईपर्यंत बोलणार नाही. मिस मर्ल म्हणाल्या की असा एक दिवस त्यांच्या नवऱ्यालाही लावून द्या.

आम्ही साडेनऊला पोचलो. ऋचा नारळ आणायला टपरीच्या पलीकडे गेली. आईंनी सुती पातळ नीट खोचून घेतलं, हातात तांब्याचा छोटा लोटा, त्यात राम घाटाहून बाटलीत आणलेलं थोडं पाणी. मी ओढणीचं एक टोक माझ्या मनगटाला निरगाठीने बांधलं, दुसरं त्यांच्या मनगटाला सुरगाठीने. दोनदा ओढून पाहिलं. घट्ट होती. आई हसल्या आणि आत निघाल्या, त्याच शांत पट्टीत. मी मागे गुडघाभर पाण्यात उभी राहिले. तेवढं करायला मला तीन वेळा श्वास घ्यावा लागला.

आई कमरेपर्यंत गेल्या. लोट्यातलं पाणी समुद्रात सोडलं. एक डुबकी घेतली, दुसरी घेतली. तिसरी घेऊन वर आल्या तेव्हा त्या होत्या त्याच्या दोन हात पुढे होत्या. मला वाटलं, त्यांनीच पाऊल टाकलं. मग माझ्या पायाखालची वाळू सरकली. पाणी काठाकडे येत नव्हतं, ते सगळं मिळून आत चाललं होतं, आवाज न करता. ओढणी ताणली गेली. मी मागे ओढलं तर मीच पुढे आले, मांडीपर्यंत, मग कमरेपर्यंत. "आई, मागे या!" मी ओरडले. आई मागे वळल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. भीती नव्हती त्यावर, घाई होती, दूध उतू जाताना असते तशी. त्या बोलल्या नाहीत. माझे पाय सुटले, तोंडात खारं पाणी गेलं, कानात फक्त घूं घूं. हात खांद्यापासून उपटला जातोय असं वाटत होतं.

आणि एकदम ताण गेला.

मी धडपडत मागे पडले, पायाला वाळू लागली, उभी राहिले. जांभळी ओढणी पाण्यावर पसरून माझ्याकडे आली होती. तिच्या दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं. सुरगाठ सुटली होती. मी बांधलेली. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. ऋचा नंतर म्हणाली, मी उज्जैनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "धरा, धरा" म्हणत होते, हिंदीत, मराठीत, कशातही.

शिटी वाजली. जीवरक्षक मनोऱ्यावरून उतरून फळी घेऊन धावत गेला. पाण्यात उडी मारून तो त्या पट्टीतूनच आत गेला, बाणासारखा सरळ. आईंचं डोकं मला दिसत होतं, लहान होत जाणारं. त्या हातपाय मारत नव्हत्या. मी मनात म्हटलं, संपलं. त्या क्षणी मला आईंची आठवणसुद्धा आली नाही, लाज वाटते सांगायला. मला ऋचाच्या बाबांचा विमानतळावरचा आवाज ऐकू आला.

आई उताण्या तरंगत होत्या. हे मला फळी त्यांच्यापाशी पोचली तेव्हा कळलं. हात पसरून, चेहरा आकाशाकडे करून त्या पडल्या होत्या. जीवरक्षकाने त्यांना फळीवर घेतलं, काठाकडे सरळ न येता आडवा डावीकडे गेला, आणि मग ज्या फेसाळ, धडाधड लाटांना मी घाबरत होते त्याच लाटांनी त्या दोघांना अलगद वाळूवर आणून ठेवलं. सगळं मिळून दहा मिनिटं झाली असतील. ऋचा नारळ टाकून धावत आली होती आणि माझा दंड इतका घट्ट धरून उभी होती की चार दिवस वळ राहिले.

आई वाळूवर बसल्या. खोकल्या, पाणी थुंकल्या, केस मागे सारले. जीवरक्षक विचारत होता, श्वास ठीक आहे का, छातीत दुखतंय का. आईंनी त्याला हाताने थांबवलं, पूर्वेकडे तोंड केलं, सूर्याला ओंजळीने पाणी दिलं, हात जोडले. स्नान पूर्ण झालं. मग त्या माझ्याकडे वळून पहिलं वाक्य बोलल्या, "पाणी बहोत खारं आहे गं. लोटा गेला माझा."

मी वाळूत बसून रडले. आवाज काढून रडले, लोक पाहत असताना.

जीवरक्षक भला माणूस. तो मला ओरडला नाही. वाळूवर बोटाने रेघा काढून समजावलं, मी फळ्यावर काढते तशाच. लाटा पाणी काठाला आणून टाकतात. ते पाणी परत जाणार कुठून? जिथे लाटा फुटत नाहीत, त्या वाटेने. समुद्रात शांत दिसणारी पट्टी म्हणजे परत जाणारी नदी. मग त्याने विचारलं, "आजी पोहायला कुठे शिकल्या? नव्वद टक्के लोक काठाकडे यायला झगडतात आणि दमून बुडतात. या झगडल्याच नाहीत."

ऋचाने आजीला विचारलं. आई म्हणाल्या, "नर्मदेत. आम्ही मुली उताण्या पडायचो आणि पाणी नेईल तिथे जायचो. मग दूर कुठेतरी काठ लागायचाच. तिथून चालत वापस. आईचा मार खायचो." लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली, आणि माझ्या सासूबाईंना पोहता येतं हे मला एका परक्या जीवरक्षकामुळे कळलं.

उरलेले दिवस

पुढचे तीन दिवस आम्ही पश्चिमेलाच गेलो, मी फुली मारलेल्या किनाऱ्यावर. या वेळी खुर्चीत जीवरक्षक होता. मी त्याला अकरा प्रश्न विचारले आणि ऋचाने एकदाही दुसरीकडे पाहिलं नाही. उलट बारावा तिनेच विचारला. आई रोज पाण्यात गेल्या, ऋचाचा हात धरून. मी वाळूवरून उठले नाही. ओढणी मी बॅगेच्या तळाशी टाकून ठेवली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

रोज संध्याकाळी ऋचाच्या बाबांचा फोन यायचा. अमावस्येच्या संध्याकाळी फोन मी घेतला. सांगायचं ठरवलं होतं. आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. "हो रे, छान झालं स्नान. सुषमाने दोन दिवस फिरून जागा शोधली. एकदम शांत पाणी." आणि फोन मला परत दिला. मी "हो" म्हणाले, "जेवलात का" विचारलं आणि ठेवून दिला. आईंनी मला वाचवलं, याचं बरं वाटायला हवं होतं. पण मला रात्रंदिवस एकच दिसत होतं. मी गाठ नीट बांधली असती तर ती सुटली नसती. दोनदा ओढून पाहिली होती. तिसऱ्यांदा का नाही पाहिली?

निघताना मिस मर्लनी आईंना मिरचीच्या सॉसच्या दोन बाटल्या दिल्या, आईंनी त्यांना उरलेली सगळी शेव. मला त्यांनी मिठी मारली आणि म्हणाल्या, "तू फार काळजी करतेस, माय लव्ह. पण काळजी करणारी माणसं काठावर लागतात." मी ते वहीत लिहून घेतलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

राम घाट

परत आल्यावर आठ-दहा दिवसांनी माघी पौर्णिमा आली. पहाटे आई तयार होऊन दारात उभ्या राहिल्या. "चल." मी म्हटलं, तुम्ही शेजारच्या काकूंबरोबर जा. त्या म्हणाल्या, "काकूंना गाठ येत नाही." मग मी ओढणी शोधून काढली. धुतली होती तरी तिच्यात कुठेतरी वाळू होतीच.

घाटावर धुकं, थंडी, दिव्यांचे द्रोण, पंडितांच्या छत्र्या. आई पायऱ्या उतरून साखळीपाशी उभ्या राहिल्या आणि मनगट पुढे केलं. मी माझ्या मनगटाला निरगाठ बांधली. मग त्यांच्याही मनगटाला निरगाठ बांधायला लागले, एकावर एक, तीन.

"हे काय करते आहेस?" आई म्हणाल्या.

"सुरगाठ मी आता नाही बांधणार. तिकडे सुटली."

आईंनी त्या तीन गाठींवर बोट ठेवलं. "भूगोल शिकवतेस ना तू? सुरगाठ अशीच सुटते का कधी?"

मी चौथी गाठ घालायला घेतली.

"मी सोडली," आई म्हणाल्या. "टोक ओढलं. तू आत येऊन राहिली होतीस माझ्या मागे. मला पाणी येतं, तुला येत नाही. दोघी गेलो असतो तर ऋचा काठावर कोणाला हाक मारणार होती?"

"मग सांगायचं ना मला!" माझा आवाज इतका चढला की शेजारची बाई डुबकी अर्धी सोडून वर आली. "इतके दिवस मी... तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तेव्हा मौन होतं," आई म्हणाल्या. "आणि नंतर तू विचारलं नाहीस. सगळ्या गावाला विचारत फिरत होतीस, मलाच नाही विचारलं."

पाठीमागे कोणाची तरी आरती चालू होती. मी रडत होते आणि मला राग आला होता, दोन्ही एकदम. आईंनी स्वतःच त्या तीन निरगाठी उकलायला घेतल्या, कोरड्या होत्या म्हणून सुटल्या. मनगट पुन्हा माझ्यापुढे केलं. "बांध लवकर. थंडी आहे."

मी माझ्या मनगटाची गाठही सोडली. मग निरगाठ आईंच्या मनगटाला बांधली आणि सुरगाठ माझ्या, आणि तिचं सुटं टोक माझ्या मुठीत धरलं. या वेळी सोडायचं की नाही ते मी ठरवणार होते.